उपचारांनंतरची पहिली धाव : सोबत्यांनी कोणाच्या गतीने धावावे?

पहाटवाट

नमस्कार. स्तनाच्या कर्करोगावरचे माझे मुख्य उपचार, म्हणजे शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन, गेल्या वर्षी पूर्ण झाले. हार्मोनची रोजची गोळी अजून काही वर्षे चालू राहील. कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी उभा करणाऱ्या पाच किलोमीटरच्या एका धावेत मी नाव नोंदवले आहे आणि माझ्याबरोबर नवरा, धाकटा भाऊ, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि दोन जुन्या मैत्रिणी धावणार आहेत. धावेला अजून काही महिने आहेत, त्यामुळे तयारीला पुरेसा वेळ आहे. परंतु ही धाव कशी धावायची यावर घरात एकमत होत नाही.

मी सगळे अंतर चालतच पूर्ण करावे असे नवऱ्याचे म्हणणे आहे. उपचारांच्या काळात त्याने जे सोसले ते पाहता त्याची भीती मला पूर्ण समजते. भाऊ अनुभवी धावपटू आहे आणि त्याने माझ्यासाठी एक वेळापत्रक आखले आहे, ज्यात दर आठवड्याला अंतर वाढत जाते आणि आजारी माणसाच्या वाईट दिवसांना कुठेही जागा नाही. मैत्रिणींना सगळ्यांसाठी माझे छायाचित्र छापलेले टी-शर्ट करायचे आहेत. या तिन्ही गोष्टी प्रेमापोटी होत आहेत, म्हणूनच त्यांना नकार देणे मला जड जाते.

मला का धावायचे आहे तेही सांगते. उपचारांच्या काळात माझ्या शरीराबाबतचा प्रत्येक निर्णय, म्हणजे तारीख, औषध, मात्रा, पथ्य, दुसऱ्या कोणीतरी घेतला, आणि तसे होणे आवश्यकच होते. आता या शरीराकडून एखादी गोष्ट मला माझ्या इच्छेने करून घ्यायची आहे. शरीराची तयारी कशी करावी, सोबत्यांनी नेमके काय करावे आणि निधी मागताना स्वतःच्या आजाराविषयी किती सांगावे, या तीन गोष्टींवर अनुभवी लोकांनी लिहावे अशी विनंती आहे.

संथलय

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मला नेहमी न्यूयॉर्क मॅरेथॉनचे संस्थापक फ्रेड लेबो आठवतात. १९९० साली त्यांच्या मेंदूत कर्करोगाची गाठ असल्याचे निदान झाले. १९९२ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, ते स्वतः उभ्या केलेल्या त्या मॅरेथॉनमध्ये उतरले, आणि संपूर्ण ४२ किलोमीटर त्यांच्या बाजूने ग्रेटा वाइट्झ धावल्या. वाइट्झ यांनी ही मॅरेथॉन ९ वेळा जिंकली होती आणि अडीच तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करणारी पहिली स्त्री अशी त्यांची १९७९ सालची नोंद आहे. त्या दिवशी मात्र दोघांना साडेपाच तासांहून अधिक वेळ लागला. जगातल्या सर्वांत वेगवान स्त्रियांपैकी एकीने आपली गती पूर्णपणे बाजूला ठेवून दुसऱ्याच्या पावलाला पाऊल लावणे हे मला तिच्या सगळ्या विजयांइतकेच मोठे वाटते.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की इतक्या कमी गतीने इतका वेळ धावणे वेगवान धावपटूला सोपे नसते. पावलांची सवयीची लांबी मोडते, वेगळे स्नायू दुखतात आणि मन सारखे पुढे ओढ घेते. त्यामुळे तुमच्या भावाला खरोखर सोबत करायची असेल, तर तुमच्या गतीने धावण्याचा सराव त्यालाही करावा लागेल. तुमच्यासाठी वेळापत्रक आखण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तो तुमच्याबरोबर, तुम्ही म्हणाल तेवढेच आणि तुम्ही म्हणाल तसेच धावला, तर त्याचा अधिक उपयोग होईल.

मोकळा श्वास

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि कर्करोगाचे उपचार झालेल्या रुग्णांसोबत काम करते. येथे लिहिलेले सर्वसाधारण स्वरूपाचे आहे; तुमची कागदपत्रे पाहिलेल्या ऑन्कोलॉजिस्टचा शब्द अखेरचा मानावा.

सर्वांत आधी तुमच्या यजमानांच्या भीतीविषयी लिहिते, कारण ती पुष्कळ घरांत असते. रुग्णाने विश्रांतीच घ्यावी असा सल्ला एके काळी सर्रास दिला जाई. आज चित्र बदलले आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येक वेळी सुमारे ३० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम केल्यास उपचारांनंतरचा थकवा, चिंता आणि नैराश्य कमी होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरची शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांवरचा ‘चॅलेंज’ नावाचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३ वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या गटात ५ वर्षांनी कर्करोग न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्के होते, तर केवळ आरोग्यविषयक माहिती दिलेल्या गटात ते ७४ टक्के होते. हा निष्कर्ष आतड्याच्या कर्करोगापुरता आहे आणि तो स्तनाच्या कर्करोगाला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मी आवर्जून सांगते. त्याच अभ्यासात व्यायाम करणाऱ्या गटात स्नायू आणि सांध्यांच्या तक्रारी अधिक आढळल्या, हेही तुमच्या भावाच्या कानावर घालावे. त्या गटातील लोक काही मॅरेथॉनची तयारी करत नव्हते. बऱ्याच जणांसाठी तो व्यायाम म्हणजे नियमितपणे झपाझप चालणे एवढाच होता.

आता तुमच्या शरीराविषयी. धावण्याआधी काय तपासावे हे तुम्हाला कोणती औषधे मिळाली यावर अवलंबून असते, म्हणून तुमचा उपचारांचा सारांश हातात घेऊन बसा. डॉक्सोरुबिसिनसारखी अँथ्रासायक्लिन गटातील औषधे आणि ट्रास्टुझुमॅब यांचा हृदयाच्या पंपिंगवर परिणाम होऊ शकतो. त्यांपैकी काही मिळाले असेल, तर अलीकडचा टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालेला आहे का हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध मिळाले असेल, तर तळपायांना मुंग्या किंवा बधिरपणा उरलेला असू शकतो. पायाला जमीन नीट जाणवत नसेल, तर ओबडधोबड रस्त्यावर तोल जातो. अशा वेळी सपाट, उजेड असलेला मार्ग निवडावा, एका पायावर उभे राहण्यासारखे तोलाचे व्यायाम करावेत आणि धावून आल्यावर तळपाय डोळ्यांनी तपासावेत, कारण फोड आलेला कळतोच असे नाही. हार्मोनची गोळी लेट्रोझोलच्या गटातील असेल, तर सकाळी सांधे आखडतात आणि हाडांची घनता कमी होऊ शकते, म्हणून ती मोजणाऱ्या डेक्सा तपासणीविषयीही बोलावे. ही सांधेदुखी पाहून पुष्कळ जणी व्यायाम सोडतात, वास्तविक हळूहळू वाढवलेल्या व्यायामाने ती कमी होण्याची शक्यता अधिक असते.

काखेतील गाठी काढलेल्या असल्यास हाताला सूज येण्याची, म्हणजेच लिम्फेडेमाची, भीती घातली जाते आणि त्या हाताने काहीही उचलू नका असे सांगितले जाते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, अशी सूज आधीपासून असलेल्या १४१ स्त्रियांवरच्या अभ्यासात हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. त्या स्त्रिया दाब देणारी बाही घालून, देखरेखीखाली व्यायाम करत होत्या, ही अट मात्र विसरू नये.

गती कशी ठरवावी? घड्याळाने ठरवू नये. धावताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले, तर गती योग्य आहे; शब्द तुटू लागले की चालावे. थोडे धावणे आणि थोडे चालणे ही आलटून पालटून करण्याची पद्धत अमेरिकी ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी १९७० च्या दशकात नवशिक्यांसाठी रूढ केली आणि उपचार झालेल्यांना ती फार मानवते. यात चालणे ही हार नसते, कारण दम लागण्याच्या आधीच चालायचे असते. छातीत दुखणे, चक्कर, एका पायाच्या पोटरीत अचानक सूज आणि दुखी, नव्याने सुरू झालेले आणि रात्रीही न थांबणारे हाडाचे दुखणे, यांपैकी काही झाले तर धाव थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

पहाटवाट

मोकळा श्वास, तुमच्या या प्रतिसादाची मी छापील प्रत काढून नवऱ्याला दिली. त्याने ती दोनदा वाचली आणि पुढच्या फॉलोअपला स्वतःचे प्रश्न लिहून आणायचे ठरवले. माझ्या तळपायांना बधिरपणा आहे, मात्र तो केमोमुळे असेल हे मला आजवर कोणी इतके स्पष्ट सांगितले नव्हते.

खडा सूर

संथलय यांच्या मताशी मी सहमत नाही. मीही उपचार पूर्ण करून धावलेली आहे आणि मला सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर माझ्या भोवती मुद्दाम हळू धावणाऱ्या घोळक्याचा. प्रत्येकजण वळून वळून माझ्याकडे पाहत होता, प्रत्येकजण विचारत होता की ठीक आहेस ना, पाणी हवे का, थांबायचे का. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी वाचण्यातच माझी शक्ती जात होती. पाचजणांनी एकीच्या गतीने धावणे ऐकायला सुंदर वाटते, पण ती एक त्या पाचजणांचे मन सांभाळत धावते, हे कोणी लक्षात घेत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की सोबत एकाच व्यक्तीची असावी, आणि ती व्यक्ती तुम्ही निवडावी. बाकीच्यांनी आपापल्या गतीने धावावे, पूर्ण करावे आणि शेवटच्या रेषेपाशी थांबावे. वेगाने धावू शकणाऱ्या माणसाला माझ्यासाठी हळू धावायला लावले की त्याची धावही हिरावली जाते आणि त्याचे ओझे माझ्यावर येते.

संथलय

खडा सूर, तुमचा मुद्दा मला पटला आणि मी माझे म्हणणे दुरुस्त करतो. लेबो यांच्यासोबतही शेवटी एकच व्यक्ती पूर्ण अंतर धावली होती. एकाने गती सांभाळावी आणि त्याने आधी सराव केलेला असावा, एवढेच मला म्हणायचे आहे.

मागची बाजू

मी धागालेखिकेच्या यजमानांच्या जागी राहिलेला माणूस आहे, म्हणून थोडे लिहितो. माझ्या पत्नीच्या उपचारांत औषधांच्या वेळा, ताप, रक्ताचे अहवाल आणि डॉक्टरांचे फोन हे सगळे माझ्याकडे होते. उपचार संपले तेव्हा ती मोकळी झाली, मी मात्र पहाऱ्यावरच राहिलो. ती जिना चढताना थांबली तरी माझे लक्ष तिकडे जाई. तिने धावायचे ठरवल्यावर मी विरोध केला आणि त्याला तिच्या तब्येतीचे कारण दिले. प्रत्यक्षात तिला पुन्हा दम लागलेला पाहण्याची माझीच तयारी नव्हती.

आमच्याकडे उपयोग झाला तो मला एक ठरावीक काम मिळाल्याचा. धावेच्या मार्गावर अर्ध्या अंतरापाशी पाणी आणि जादा मोजे घेऊन उभे राहायचे, हे माझे काम. ती तिथे थांबायची की नाही, हे तिने ठरवायचे. तिची वाट पाहत उभा असताना मी प्रथमच पाहिले की तिच्या वयाच्या, तिच्यापेक्षा थोराड आणि तिच्यापेक्षा अशक्त अशा कितीतरी बायका तशाच धावत येत आहेत. घरातल्या एका खोलीत बसून जी भीती मी एकट्याने वाहिली होती, ती त्या गर्दीत बरीच हलकी झाली.

उरलेले पान

माझा भाऊ कर्करोगाने गेला. मी दर वर्षी अशा एका धावेत सहभागी होतो, म्हणून निधीविषयी आणि सोबतीविषयी लिहावेसे वाटले.

अशा धावांची परंपरा फार जुनी नाही. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली गुडघ्याच्या वर कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पाय लावून, कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवायला, तो देशाच्या पूर्व टोकाकडून निघाला आणि रोज साधारण एका मॅरेथॉनइतके अंतर धावत राहिला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, कर्करोग फुप्फुसांत पसरल्याने, १ सप्टेंबर रोजी त्याला थांबावे लागले, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, तो गेला. ही हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. त्याचा मित्र डग ऑलवर्ड सुरुवातीपासून व्हॅन चालवत होता, त्याच्यासाठी स्वयंपाक करत होता, आणि काही आठवड्यांनी धाकटा भाऊ डॅरेलही त्यांना येऊन मिळाला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ती दोन मुले नसती, तर ते अंतर कापले गेले नसते. मी धावतो तेव्हा टेरीइतकीच मला त्या दोघांची आठवण होते, कारण माझ्या भावाच्या आजारपणात मी त्यांच्या जागी होतो.

सप्टेंबर १९८१ पासून त्याच्या नावाने होणाऱ्या धावेत पहिला, दुसरा असे क्रमांक काढले जात नाहीत. इंग्लंडमध्ये १९९४ साली लंडनच्या बॅटरसी पार्कात ६८० स्त्रियांनी सुरू केलेल्या ‘रेस फॉर लाइफ’मध्ये धावणारे लोक आपण कोणासाठी धावत आहोत हे कागदावर लिहून पाठीवर लावतात. तुमच्या मैत्रिणींच्या टी-शर्टला मला हा पर्याय अधिक चांगला वाटतो. प्रत्येकाने आपल्या पाठीवर आपले लिहावे. कोणी तुमचे नाव लिहील, कोणी आपल्या आईचे, कोणी कोरेच ठेवील. तुमचा चेहरा सहाजणांच्या छातीवर असण्याची गरज उरणार नाही.

दीर्घ पल्ला

माझा कर्करोग हाडांत पसरलेला आहे आणि माझे उपचार संपणारे नाहीत. ते चालू असताना मी जगते. अशा कार्यक्रमांत माझ्यासारख्यांची थोडी अडचण होते, कारण मंचावरून होणारी भाषणे बरे झालेल्यांचे अभिनंदन आणि गेलेल्यांचे स्मरण या दोन भागांत वाटलेली असतात आणि आम्ही दोन्हींत नसतो. तरीही मी जाते. आमच्या आयुष्याची वर्षे वाढवणारी औषधे याच निधीवर चालणाऱ्या संशोधनातून येतात, त्यामुळे तिथे उभे राहण्याचा माझा हक्क कोणापेक्षाही कमी नाही असे मी मानते.

मी धावत नाही, चालते. मणक्यात किंवा मांडीच्या हाडात गाठ असताना धावण्याच्या आदळआपटीने हाड मोडण्याचा धोका असतो, त्यामुळे मला डॉक्टरांनी काय करावे आणि काय टाळावे हे हाडांचे स्कॅन पाहून सांगितले आहे. हे लिहिण्याचे कारण असे की या धाग्यावर येणाऱ्या प्रत्येकाची परिस्थिती धागालेखिकेसारखी असेलच असे नाही. पहाटवाट, तुमच्या गटाने शक्य असेल तर शेवटी चालत येणाऱ्यांसाठीही थांबावे. आम्ही पोहोचतो तेव्हा बहुतेक वेळा टाळ्या वाजवणारे लोक निघून गेलेले असतात आणि कमानी उतरवल्या जात असतात.

उरलेले पान

निधीविषयी लिहायचे राहिले होते. लोक संस्थेचे नाव वाचून क्वचित पैसे देतात. ओळखीच्या माणसाने विचारले म्हणून देतात. त्यामुळे आजाराची सविस्तर हकिकत लिहिण्याची आवश्यकता नसते. तुम्ही कोण, धाव कधी, पैसे कोणत्या कामाला जाणार, एवढे चार वाक्यांत लिहिलेले पुरते. रुग्णालयातले केस गेलेले छायाचित्र टाकल्यास पैसे अधिक जमतील, असा आग्रह कोणी करील; तो मानणे न मानणे सर्वस्वी तुमच्याकडे आहे, आणि एकदा इंटरनेटवर गेलेले छायाचित्र परत घेता येत नाही, याचा मुलीच्या दृष्टीनेही विचार करावा. शिवाय संस्थेला सरळ विचारावे की जमलेल्या रकमेतील किती भाग कार्यक्रमाच्या खर्चात जातो आणि उरलेला संशोधनाला, रुग्णांच्या मदतीला की जनजागृतीला जातो. चांगल्या संस्था आपले वार्षिक हिशेब उघड ठेवतात.

पहाटवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. खडा सूर आणि दीर्घ पल्ला यांचे प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यानंतर झालेली चर्चा गेल्या कित्येक महिन्यांतली सर्वांत मोकळी होती.

ठरले ते असे. माझ्यासोबत मुलगी धावेल. ती धावपटू नाही, तिलाही शून्यापासून सुरुवात करायची आहे, त्यामुळे तिला माझ्यासाठी हळू धावावे लागणार नाही. आम्ही दोघींनी एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे सुरू केले आहे आणि ज्या दिवशी मला जमत नाही त्या दिवशी ती ‘का’ असे विचारत नाही. भाऊ स्वतःच्या पूर्ण वेगाने धावेल. सुरुवातीला तो थोडा हिरमुसला, पण आता नव्या उत्साहाने स्वतःच्या वेळेसाठी सराव करतो आहे, आणि मला ते पाहून खरोखर बरे वाटते. मागची बाजू, तुमचे अर्ध्या अंतरावरचे काम माझ्या नवऱ्याने मागून घेतले आहे.

टी-शर्ट साधेच असतील आणि पाठीवर ज्याचा त्याचा कागद असेल. दीर्घ पल्ला, शेवटचा माणूस येईपर्यंत थांबायचे काम मैत्रिणींनी स्वतःकडे घेतले आहे. संयोजकांना पत्र लिहून शेवटची कमान किती वाजेपर्यंत उभी ठेवणार हेही त्यांनी विचारले आहे. टूडी एकोची तारीख मिळाली आहे. डॉक्टरांनी अहवाल येईपर्यंत धावणे थांबवून फक्त चालायला सांगितले आहे, तेव्हा सध्या आम्ही दोघी चालतो. अहवाल आला की येथे लिहीन. तळपायाच्या बधिरपणासाठी बुटांची निवड कशी करावी याचा कोणाला अनुभव असल्यास जरूर सांगावे.

मोकळा श्वास

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढे अंगठ्याएवढी जागा सुटलेली असावी आणि आतल्या बाजूला टोचणारी शिवण नसावी. बधिर पायाला घट्टपणा कळत नाही, म्हणून ‘ठीक वाटते’ यावर विसंबू नका; आतला तळ बाहेर काढून त्यावर पाय ठेवा आणि कडेने पाय बाहेर येतो का ते मुलीला पाहायला सांगा. फार जाड आणि मऊ तळ टाळावा, त्यावर तोल अधिक जातो. नवे बूट आधी घरात घालून, नंतर थोड्या अंतरासाठी वापरावेत आणि प्रत्येक वेळी मोजे काढून पाय पाहावेत. धावेच्या दिवशी नवे काहीही घालू नये.